शक्तीच्या गोळ्या

माझ्या पत्नीच्या डाव्या हातावर भाजल्याचा मोठा डाग होता. तो कसा पडला याची एक गोष्ट आमच्या घरात वर्षानुवर्षे सांगितली जाते. आम्ही कर्जतला राहत असताना ती चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगली आणि भाकरीऐवजी स्वतःचा हातच विस्तवावर ठेवला, अशी ती गोष्ट. ती मी रचलेली आहे. मुलांना मीच सांगितली, पाहुण्यांना सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. परवा माझ्या नातीने आपल्या सासरच्या माणसांपुढे ती माझ्याच शब्दांत, माझ्याच हातवाऱ्यांसकट सांगितली. "आजी इतकी वेंधळी होती ना!" म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. मग मात्र ताटावरून उठलो.

ती वेंधळी नव्हती. कर्जतच्या आमच्या गल्लीत तिला जे नाव पडले होते तशी चिंगूसही नव्हती. ती गेली, आणि खरे काय घडले हे माहीत असलेला मी एकटाच उरलो. म्हणून लिहून ठेवतो.

तिला लहानपणापासून फिट यायची. तिच्या वडिलांनी ही गोष्ट लग्नाआधीच मला बाजूला घेऊन सांगितली होती. गोळी चालू असली की काही त्रास नाही, पण गोळी जन्मभर घ्यावी लागेल, पटत असेल तरच होकार द्या, असे ते स्पष्ट म्हणाले. मी होकार दिला. मात्र ही गोष्ट माझ्या घरच्यांना कळू द्यायची नाही अशी अट घातली. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे होते आणि घरात फेफऱ्याचे बाईमाणूस आहे असा बोभाटा झाला तर स्थळे बिचकतील, असे कारण मी दिले. ते कारण तेव्हा खरे होते.

नगरला असेपर्यंत सारे सुरळीत चालले. गावातल्या एका डॉक्टरांची चिठ्ठी होती, त्यांच्या दवाखान्याखालीच औषधांचे दुकान होते. दर महिन्याला मी कचेरी सुटल्यावर जायचो, पुडी खिशात टाकून घरी यायचो. दुकानदार मला चेहऱ्याने ओळखायचा, नावाने नाही. आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो, शेजारी येणारे-जाणारे होते. कोणाला कोणाचे काही पडले नव्हते, आणि मला तेच बरे वाटायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. जिल्ह्यात जागोजागी दुष्काळी कामे निघाली, आणि माझी बदली कर्जत तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून म्हणून झाली. काम गावापासून लांब होते. मी आठवडाभर तिथल्या तंबूत राहायचो आणि शनिवारी संध्याकाळी खडीच्या ट्रकने कर्जतला यायचो. तिला ठेवले होते कर्जतला, एका शेतकरी कुटुंबाच्या घरातल्या पुढच्या खोलीत. घरमालकीण विधवा बाई होत्या. गल्ली त्यांना मावशी म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. त्यांचा मुलगा दुष्काळी कामावर जायचा. सून गरोदर होती, अंगाने अगदी पाप्याचे पितर.

बदलीच्या गडबडीत मी ट्रंका बांधल्या, पत्रे टाकली, रेशनकार्डाचे पाहिले. गोळ्यांचे काय करायचे हा विचार मी सर्वांत शेवटी केला. कर्जतच्या औषधाच्या दुकानात चौकशी केली तर दुकानदार म्हणाला, "ही गोळी हितं कोन घेतंय? मागवून बघतो." आणि लगेच विचारले, "कोनाला लागती?" मी म्हटले, "राहू द्या. सहज विचारलं."

सरकारी दवाखान्याचाही रस्ता होता. तिथले तरुण डॉक्टर पटकीची लस टोचायला आमच्या कामावर आले होते, तेव्हा मी त्यांना हळूच गाठले. एका नातेवाइकाला अमुक गोळी लागते, इथे मिळेल का, असे विचारले.

"घेऊन या की त्यांना," ते म्हणाले. "केसपेपर काढू. मी नगरहून दर महिन्याला मागवून देतो, त्यात काय! फक्त एक लक्षात ठेवा. ही गोळी मध्येच तोडायची नाही. एक दिवससुद्धा नाही."

मी मान डोलावली. पण केसपेपर म्हणजे काय हे मला ठाऊक होते. दवाखान्याच्या खिडकीत कंपाउंडर बसायचा. त्याचा आवाज असा की ओट्यावर बसलेल्या सगळ्या गर्दीला ऐकू जायचा. "काय होतंय? जुलाब? किती दिस? जोरात बोला की!" तो विचारायचा आणि केसपेपरवर लिहिता लिहिता मोठ्याने म्हणायचा. लोकांचा तोच विरंगुळा होता. त्या खिडकीसमोर माझी बायको उभी आहे आणि तो ओरडतो आहे, "काय? फिट येती?", हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आले. मी तिला नेले नाही.

मी वेगळी सोय केली. त्या काळी नगरहून काही मागवायचे तर एस.टी.च्या कंडक्टरकडे सांगायची पद्धत होती. चष्मा दुरुस्त करून आणणे, लग्नपत्रिका पोहोचवणे, सगळे कंडक्टर करायचे. मीही नगर-कर्जत गाडीच्या कंडक्टरला गळ घातली. नगरचा दुकानदार पुडी बांधून स्टँडवर पाठवायचा, कंडक्टर ती कर्जतला आणायचा. पहिल्याच खेपेला त्याने पुडी कानाशी हलवून पाहिली.

"भाऊसाहेब, काय खजिना हाय ह्याच्यात?"

स्टँडवर माणसे होती. मी म्हणालो, "शक्तीच्या गोळ्या आहेत. घरात अशक्तपणा आहे."

"अस्सं! मग एखादी आमाला पन द्या. गाडी बंद पडली की ढकलायला बरी."

माणसे हसली, मीही हसलो. घरी जाऊन तिला सांगितले की कोणी विचारले तर शक्तीच्या गोळ्या म्हणायचे. ती म्हणाली, "अहो, पण खोटं कशाला? सरळ सांगू या ना मावशींना. मी दिवसभर त्यांच्याच आधाराने असते." मी म्हणालो, "शपथ आहे तुला माझी."

बहिणीचे लग्न होऊन तेव्हा वर्ष उलटले होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. तरीही मी तिला शपथ घातली.

आता ते साल कसले होते ते पाहा. ज्वारी नव्हती, रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी मिळायची. लहान पोरे आणि बाया सरकारी पौष्टिक सुकडीसाठी वाट्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. ज्याच्या त्याच्या गालांची हाडे वर आलेली. अशा गावात मी पुकारून आलो की आमच्या घरी दर महिन्याला नगरहून शक्तीच्या गोळ्या येतात. दुसऱ्या कुठल्याही वर्षी ती थाप कोणाच्या लक्षात राहिली नसती.

एका शनिवारी मी घरी असतानाच मावशी आल्या. उंबऱ्यावर टेकल्या. आधी टँकरबद्दल बोलल्या, मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बाई, तुज्याकडं त्या शक्तीच्या गोळ्या येत्यात म्हनं. चार-दोन दे की माज्या सुनंला. लई वाळली बघ. पोटात पोर हाय."

तिने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र वाचत होतो, ते डोळ्यांपुढून हलवले नाही.

"मावशी, त्या डॉक्टरांनी मलाच सांगितल्यात," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी घेतल्या तर अपाय होईल."

"शक्तीनं कुटं अपाय हुतो व्हय? शक्ती काय मानसागनिक येगळी असती?"

"पोटात बाळ आहे मावशी, नको."

"न्हाई द्यायच्या तर न्हाई म्हन सरळ. बाळाच्या नावानं कशाला सांगतीस?" मावशी उठल्या. दारातून मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमी तरी सांगा की तुमच्या मंडळीला."

मी म्हणालो, "बघू, मावशी."

बघू! त्या दोन अक्षरांनी मी मोकळा झालो आणि नकार तिचा एकटीचा ठरला.

तिथून गल्ली बदलली. मला ते आठवड्यातून एकदाच दिसायचे, म्हणून मी ते फारसे मनावर घेतले नाही. टँकर आला की तिची घागर रांगेत मागे सरकलेली असायची. कोणी भांडत नव्हते, शिव्या देत नव्हते. फक्त बोलत नव्हते. पूर्वी मावशींची सून दुपारी निवडण-टिपण घेऊन आमच्या ओट्यावर यायची, ती येईनाशी झाली. बाया आपसात म्हणायच्या आणि तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणायच्या, "शक्तिवाल्या बाई आल्या बरं का, उचलतील सोता घागर." एकीने तर विचारले, "भाऊसाहेबबाई, गोळ्या मोजून झोपता का उशाला घेऊन?"

दिवसभर ती काय करायची, हे तिने पुढे पुष्कळ वर्षांनी एकदाच सांगितले. स्टँडवर येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकायची. कोणती नगरची, कोणती श्रीगोंद्याची, हे तिला आवाजावरून कळायला लागले होते. नगरची गाडी वाजली की तिला बरे वाटायचे. का, असे मी विचारले तर म्हणाली, "त्या गाडीत माझं काहीतरी असायचं." मला वाटले, गोळ्यांबद्दल बोलते आहे. आता तसे वाटत नाही.

मावशींच्या सुनेचे बाळंतपण नीट झाले. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाला सगळ्या गल्लीला बोलावणे होते. आमच्या दाराला आले नाही. तिने आमच्या जुन्या साडीचे काठ लावून एक दुपटे शिवून ठेवले होते. ते तसेच घडी करून ट्रंकेत गेले.

उन्हाळा लागला आणि एका खेपेला कंडक्टर पुडी न आणता निरोप घेऊन आला. नगरचे डॉक्टर म्हणत होते की पेशंटला बरेच दिवस पाहिलेले नाही, नुसत्या जुन्या चिठ्ठीवर आता गोळ्या देता येणार नाहीत, एकदा आणून दाखवा. मी कामावर होतो, निरोप तिलाच मिळाला. शनिवारी तिने मला सांगितले.

"चला ना, सोमवारी जाऊन येऊ," ती म्हणाली.

"या आठवड्यात साहेब तपासणीला यायचे आहेत. पुढच्या सोमवारी नक्की."

"गोळ्या थोड्याच राहिल्यात."

"पुरवून पुरवून घे."

असे मी म्हणालो. सरकारी डॉक्टरांचे ते वाक्य मला पाठ होते, आणि तरी म्हणालो. दवाखाना आमच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर होता. तिथे नेतो, असे मात्र तोंडातून निघाले नाही. तिनेही सुचवले नाही. शपथ होती ना.

तिने अडकित्त्याने गोळ्यांचे तुकडे केले. आधी अर्धे, मग पाव. अडकित्त्याच्या पात्याला लागलेली पूड ती बोटाने टिपून चाटायची. ते मला नंतर कळले, पाटावर कागद आणि अडकित्ता तसाच पडलेला पाहून मी तिला विचारले तेव्हा. तपासणी पुढे ढकलली गेली. पुढचा सोमवारही गेला. नगरला एकटीने जावे तर वाटेत फिट आली तर काय, आणि सोबतीला चल म्हणावे असे गल्लीत कोणी उरले नव्हते.

निरोप कामावर आला तेव्हा मी हजेरी घेत होतो. मावशींच्या मुलानेच सांगितले, "भाऊसाहेब, घरी चला. बाईंचा हात भाजलाय."

घरी पोहोचलो तर दार लोटलेले होते. आत मावशी तिच्या उशाशी बसून पदराने वारा घालत होत्या. तिच्या हातावर ओले फडके होते. ती जागी होती, पण बोलत नव्हती. जीभ चावली गेली होती.

मावशींना भांडी पडल्याचा आवाज आला होता. त्या धावत आल्या तेव्हा तिचा हात चुलीत होता आणि अंग झटके देत होते. त्यांनी तिला ओढून बाहेर काढले, कुशीवर वळवले, तोंड पुसले. आवाज ऐकून दाराशी बाया जमल्या, तेव्हा मावशींनी आतून कडी लावली आणि आतूनच सांगितले, "काय न्हाई गं, पेंगली आन् हात लागला चुलीला. जावा घरी." म्हणजे पेंगण्याची गोष्ट मूळची माझी नाहीच, भाकरीची भर तेवढी माझी. मावशींनी ती तिची लाज राखायला सांगितली होती. मी ती उचलली आणि पुढे लोकांना हसवायला वापरली.

मावशी मला ओट्यावर घेऊन आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊसाहेब, त्या गोळ्या कसल्या हुत्या?"

त्यांनी सगळे डोळ्यांनी पाहिले होते. त्यांना फक्त माझ्या तोंडून ऐकायचे होते. खोलीचे दार उघडेच होते. आत ती ऐकत होती.

"शक्तीच्याच," मी म्हणालो. "अशक्तपणा आहे तिला. चक्कर आली असेल."

"व्हय," मावशी म्हणाल्या. "अशक्तपनाच म्हनायचा." आणि आपल्या दारात निघून गेल्या. थोड्या वेळाने सुनेच्या हातून पेज पाठवली. सुनेने वाटी उंबऱ्यावर ठेवली, आत आली नाही. सासूने तिलाही काही सांगितलेले नव्हते.

हात दाखवायला तिला सरकारी दवाखान्यात नेणे भागच होते. डॉक्टरांनी हात पाहिला, जीभ पाहिली आणि मान वर करून मला विचारले, "तुमचे ते नातेवाईक म्हणजे ह्याच का?"

मी हो म्हणालो. ते उठले, खिडकीत जाऊन कंपाउंडरच्या पुढ्यातला एक कोरा केसपेपर घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने लिहिला. कोणी ओरडले नाही. ओट्यावरच्या कोणी मान वळवली नाही. ज्या गोष्टीला मी इतके महिने भ्यालो ती एवढ्यात उरकली. पुढे कर्जतला होतो तोवर दर महिन्याला गोळ्या तिथूनच मिळाल्या, एकदाही खंड पडला नाही.

आता तरी गल्लीला सांगायला हरकत नव्हती. निदान मावशींच्या सुनेला तरी. एकदा त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणायचे होते की त्या गोळ्या शक्तीच्या नव्हत्या, तिने दिल्या नाहीत ते तुमच्या लेकरासाठीच. मी मनात म्हणायचो, आता सारे ठीक चालले आहे, उगाच कशाला उकरायचे. तिची घागर रांगेत मागेच राहिली.

पाऊसपाणी बरे झाले, कामे बंद झाली आणि मला परत नगरला बोलावले. निघायच्या दिवशी मी ट्रंकेला दोरी आवळत होतो. ती मावशींच्या पाया पडायला गेली. मावशींनी तिची ओटी भरली. सून दारात पोरीला काखेत घेऊन उभी होती, चेहरा फिरवून. माझ्या पत्नीने ट्रंक बांधायच्या आधीच ते दुपटे बाहेर काढून ठेवले होते. ते तिने मावशींच्या हातात दिले. मावशींनी दुपटे उलगडून पाहिले, पुन्हा घडी घातली, आणि तिचा तो डागाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "बाई, तवा दिल्या न्हाईस ते लई बरं केलंस."

सून वळली. "काय म्हनला, आत्या?" तिने सासूला विचारले.

मावशींनी माझ्याकडे पाहिले. मग हिने पाहिले. दोघीही थांबल्या होत्या. ते मी सांगायचे होते, दुसऱ्या कोणी नाही. सुनेने ऐकले असते, संध्याकाळपर्यंत गल्लीने ऐकले असते, आणि शक्तिवाल्या बाईचे नाव तिथल्या तिथे पुसले गेले असते.

मी दोरीची गाठ पुन्हा एकदा आवळली आणि म्हणालो, "चला, गाडी चुकेल."

तिने मावशींच्या हातांतून हात सोडवून घेतला, पदराखाली घेतला आणि माझ्या मागून चालू लागली. त्यानंतर जन्मभर चारचौघांत तिने तो हात पदराखालीच ठेवला, मी ती गोष्ट सांगायचो तेव्हाही.

स्टँडवर आलो तर नगरच्या गाडीला पुष्कळ अवकाश होता. आम्ही ट्रंकेवर बसून राहिलो. लांबून एक हॉर्न वाजला तसा मी उठून उभा राहिलो.

"ती श्रीगोंद्याची आहे," ती म्हणाली. "बसा तुम्ही."